टाचेची खूण

"क्लबातून चोरीला गेलेला कप संध्याकाळपर्यंत सापडला नाही, तर उद्याच्या फायनलला मी बाहेर. आळ माझ्यावरच आहे," ऐश्वर्या म्हणाली. कोपर गावची ही रग्बी कॅप्टन खुर्चीत बसायलाही तयार नव्हती.

खासगी गुप्तहेर आसावरी गुप्ते यांनी कल्याणच्या ऑफिसला लगेच कुलूप ठोकलं. सहकारी सौमित्रला हातातला वडा गाडीतच संपवावा लागला.

माजिवड्याच्या क्लबात जिन्याशी वॉचमन साईनाथ भेटला.

"काल वर कपाच्या खोलीत दोघंच गेलेले, मॅडम. सेक्रेटरी नीलसाहेब रिकाम्या हाताने उतरले. ऐश्वर्याची बॅग मी कधी बघत नाय. आपलीच पोरगी ना."

"मग उरलं कोण?" तेवढ्यात तिथे आलेला नील हसला.

कपाच्या खोलीची खिडकी मागच्या फुलांच्या वाफ्यावर उघडत होती. ओल्या मातीत बुटाच्या टाचेचा एकच खोल खळगा होता.

"वरून टाकला असता, तर कप आपटल्याची खूण नको?" सौमित्रला स्वतःच्या हुशारीचं भारी कौतुक वाटलं.

"तीच तर गंमत आहे." आसावरीबाईंचे डोळे चमकायला लागले होते.

मैदानावर नीलचे वडील, सत्तरीकडे झुकलेले कोच विश्राम भेटले.

"रग्बीत मार्क म्हणजे काय हो?" आसावरीबाईंनी विचारलं.

सोबत आलेली ऐश्वर्याच बोलली. "समोरच्यांनी मारलेला चेंडू आपल्या गोलजवळ थेट झेलायचा आणि 'मार्क' ओरडायचं. फ्री किक मिळते."

"हल्ली ओरडलं की भागतं," विश्राम पुटपुटले.

आसावरीबाईंनी अचानक चेंडू उंच उडवला. म्हाताऱ्याने तो अलगद झेलला. त्याच क्षणी त्याची टाच मातीत रुतली.

"पूर्वी झेलताना टाचेने जमिनीवर खूण करावी लागे," त्या म्हणाल्या. "मार्क हे नाव त्या खुणेचं. या पोरांना ते ठाऊकच नाही, तुमचा पाय मात्र विसरलेला नाही. कप आपटला नाही, कारण तो तुम्ही झेललात."

"पण टाकला कोणी?" सौमित्रने विचारलं.

"वर दोघंच गेले होते. न तपासली जाणारी बॅग असताना ऐश्वर्याला खिडकी कशाला लागेल?"

मागोमाग मैदानावर आलेल्या नीलची मान खाली गेली.

"नवा कप येणार, हा मोडीत जाणार होता," विश्राम म्हणाले. "त्यावर माझ्या टीमची नावं आहेत. निम्मे आता नाहीत. पोरीवर आळ येईल असं वाटलं नव्हतं."

"आल्यावरही गप्प बसलात, सर," ऐश्वर्या म्हणाली. तिला चोरीपेक्षा ते जास्त लागलं होतं.

विश्राम गाडीच्या डिकीतून कप घेऊन आले. "नील, कमिटीला फोन लाव. आपल्या दोघांची नावं सांग. ही उद्या खेळणार." मग ऐश्वर्याकडे वळून त्यांनी कप हलकेच वर उडवला.

तिने तो छातीशी झेलला आणि टाच मातीत रोवली.