मधलं पान

"चोर आमाला ठावा हाये. गावानं धाडलंय मला, तुमी फकस्त पुरावा काढा," मानसिंग खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाला.

भोरच्या बाजारपेठेत इंद्रजित शिळीमकरचं तपासाचं छोटंसं ऑफिस होतं. मदतीला निवृत्त हवालदार रखमाजी. मनाने सरळ, डोक्याने सावकाश.

मानसिंग पानशेतच्या वरच्या अंगाच्या गावातल्या गायरान बचाव समितीचा अध्यक्ष. गायरानावर रिसॉर्ट येणार होतं. विरोधाचा ठराव झुबेदा मुलाणीबाईंनी लिहिला. निम्मं गाव त्यांच्याच हाताखाली शिकलेलं. भर सभेत मंत्र्यांनी तो वाचला, आणि मधल्या पानावर निघालं, 'गायरान देण्यास गावाची संमती आहे.' लोकांनी कागद हिसकावून घेतले. त्या दिवसापासून बाईंच्या दारात दूधवालाही थांबेना.

"बाईंनाच का सांगितलं लिहायला?"

"वकील अमृत लई मागं लागला व्हता. पर म्याच बाईंचं नाव धरून बसलो. त्यांच्यावानी कुनाला जमतंय?"

त्याने कागद पुढे केले. एका टाचणीत तीन पानं, सह्या फक्त शेवटच्या पानावर. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात हळदीचा वाळलेला डाग होता, तिसऱ्यावर तोच फिकट. मधलं पान स्वच्छ.

"ही हळद कसली?"

"आमच्याकडं महत्त्वाचा कागद आदी भैरोबापुढं ठेवत्यात. गुरवानं तिन्ही पानं एकावर एक ठेवून वली हळद लावली, तितंच सह्या झाल्या. बाईंनी ल्हिवलेलं, वाचायचं काय? मग कागद माझ्या देव्हाऱ्यात, कुलपात. सभेपत्तुर दुसऱ्या कुनाचा हात लागला न्हाई."

देवाच्या भरवशावर न वाचता सह्या करणारे आपल्याकडे काही कमी नाहीत.

गावात अमृत भेटला तो तणतणतच. "टाईप म्या केलं, व्हय. फाईल बाईंना आन् मानसिंगदादांना मोबाईलवर धाडली. देवळात पानं गुरवाच्या हातात दिली आन् पुण्याला कोर्टात गेलो, त्यो थेट सभेलाच आलो. रिसॉर्टचा रस्ता कुनाच्या वावरातनं जानार, ते इचारा की! दादांच्या!"

झुबेदाबाई दार लावून बसल्या होत्या. "मी देवळात पाय ठेवला नाही. सही बाहेरच केली आणि घरी आले. 'बाई, तुम्ही असं लिहाल का,' एवढंसुद्धा कुणी विचारलं नाही हो. आता म्हणतात गाव सोडा. नवऱ्याची कबर इथं आहे. जाऊ कुठं?"

"टाईप करणारा अमृतच, सायेब," रखमाजी वाटेत म्हणाला.

संध्याकाळी देवळासमोर गाव जमलं. इंद्रजितने तिन्ही पानं उंच धरली.

"ओली हळद पहिल्या पानातून मुरत तिसऱ्यापर्यंत गेली. मधल्याला वगळून कशी जाईल? बाईंनी किंवा अमृतने आधीच खोटं पान घातलं असतं, तर त्यालाही हळद लागली असती. पान बदललं ते पूजेनंतर. तेव्हा कागद कुठं होते, मानसिंगराव?"

मानसिंग गर्दीतून मागे सरकू लागला.

"तुमच्या कुलपात. फाईल तुमच्या मोबाईलवर, रस्ता तुमच्या वावरात. ठराव अमृतने लिहिला असता, तर त्याच्यावर आळ येताच त्याची भावकी काठ्या घेऊन उठली असती. बाईंच्या मागं कोण? माणूस अगदी नेमका निवडलात."

मानसिंगच्या नावाने शिव्यांचा भडिमार झाला. तो ओसरल्यावर अमृतने हात जोडले.

"बाई, चुकलो आमी. नवा ठराव तुमीच ल्हिवा. फकस्त या टायमाला खाली नाव माजं टाकू. उगं कुनाला बोलायला जागा नगं."

रखमाजीने संतापून इंद्रजितकडे पाहिलं. गावकरी मात्र माना डोलवत होते.

झुबेदाबाई उठल्या. "मग लिही तूच. लिहायला मीच शिकवलंय तुला."

त्या चालू लागल्या. त्यांना थांबवायला एकही माणूस उठला नाही.