ओळखीचा हात

“सरका, वहिनी!”

चौकटीत आडवा धरलेला तिचा हात खाली आला नाही. “अण्णा झोपलेत, भाऊजी.”

“वर्षभर झोपलेतच? फोन केला की झोपलेत, आलो तरी झोपलेत! वडील माझे आणि पहारा तुमचा!”

शब्द काळजात रुतले... परीक्षांच्या दिवसांत ज्या धाकट्या दिराच्या पुढ्यात बसून तिनं त्याला चार घास खायला लावले, त्याच्या डोळ्यांत आज ती वैरीण होती! तरी तिनं दार अडवूनच धरलं. शब्द दिला होता ना!

तेवढ्यात आत खुर्ची सरकली. अण्णा स्वतःच दाराशी आले आणि मुलाकडे पाहून हसले. गिऱ्हाइकाकडे पाहून हसावं तसं. “घड्याळ दुरुस्तीला टाकायचंय? उद्या या हं. आज भिंग सापडत नाहीये.”

भिंग त्यांच्या कपाळावरच होतं.

“अण्णा... मी! मी आलोय!”

अण्णांचा चेहरा गोंधळला. तिनं त्यांना अलगद खुर्चीत बसवलं आणि ती बाहेर आली. आता लपवण्यासारखं उरलं तरी काय होतं?

“रक्तदाबानं मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या झिजल्यात. गेल्या वर्षी फोनवर तुमचं नाव आठवेना, तर फोन ठेवून लहान मुलासारखे रडले हो! मला म्हणाले, ‘त्याला कळलं तर संशोधन अर्धवट टाकून येईल. तू सांगू नकोस.’ मग काय करणार, वाईटपणा घेतला मी.”

तो पायरीवर बसला.

“वहिनी, मी प्रयोगशाळेत काय शिकतोय ठाऊक आहे? रक्त आणि मेंदू यांच्यामधला पहारा! रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींना घट्ट बिलगून असतात. साखर, प्राणवायू, लागेल तेवढंच आत सोडतात. तो पहारा ढिला पडला की नको ते आत झिरपतं, मेंदू खचत जातो... आणि मी घरातल्याच पहाऱ्याला बोल लावला!”

“बोल कसले? नुसतं ‘सरका’ म्हणालात,” ती डोळे पुसत हसली. मग थबकली. “पण मग औषधालाही अडवत असतील की त्या पेशी!”

“बहुतेक औषधांना अडवतात. तीच तर आमची डोकेदुखी. म्हणून ज्याला त्या पेशी ओळखतात, रोज आत घेतात, अशा पदार्थाला औषध जोडून पाहतो आम्ही. त्याचा हात धरून ते आत जातं.”

तिनं पायरीवर बसलेल्या त्याच्याकडे पाहिलं. वर्षभर आपणही औषधच अडवलं की काय... !

तिनं अण्णांची दुपारची गोळी हातात घेतली, पाण्याचा पेला त्याच्या हाती दिला आणि त्याचं मनगट घट्ट धरलं. “चला. माझ्या मागे नाही, माझ्या बरोबर.”

अण्णांनी मान वर केली. “सूनबाई, हा कोण?”

“माझ्या घरचा आहे, अण्णा.”

अण्णांनी गोळी घेतली, पेला रिकामा केला आणि त्याला बराच वेळ न्याहाळलं. मग पायानं स्टूल पुढे ओढलं.

“तुझ्या घरचा? मग आपलाच की! बस रे बाळा... जेवलास का?”

“नाही, अण्णा,” तो स्टुलावर बसत म्हणाला. “वहिनी समोर बसल्याशिवाय मला जेवण जात नाही.”