मागं राहिलेला जॅक

माझ्या गोष्टीतलं निम्मं सोडून द्यायचं असतं, असं मंगळवेढ्यात सगळेच म्हणतात. द्या. ह्यातलं कुठलं निम्मं सोडायचं, ते मात्र तुम्हीच ठरवा.

माझं सेंट्रिंगचं काम. स्लॅब ओला असतो तोवर त्याला खालून पेलायला लोखंडी जॅक लावायचे, वाळला की काढायचे. तिप्पण्णानं घराच्या कामाला थोडे जॅक नेले होते आणि मला ते सांगोला रोडच्या स्लॅबला हवे होते, म्हणून भर दुपारी टेम्पो घेऊन त्याच्या वस्तीवर गेलो.

तिप्पण्णा माझा शाळेपासूनचा दोस्त. उमेदीची वर्षं तेलंगणात कोळशाच्या खाणीत गेली, डाव्या हाताची करंगळीही तिथंच राहिली. घर जुनं, माळवदाचं. तुळया, फळ्या आणि वर हातभर पांढरी माती.

पुढच्या खोलीत माझे जॅक भिंतीला टेकवून रांगेनं उभे केले होते. मागच्या खोलीत डोकावलो आणि तोंडातली सुपारी तशीच राहिली. तिथं एकही खांब नव्हता. वर माळवद मात्र जसंच्या तसं.

"खांब वाळवीनं खाल्लं हुतं, काढलं," तिप्पण्णा म्हणाला. "म्हणलं पडू दे, नवं बांधू. महिना झाला, पडंना."

"तुझ्यागत हट्टी हाय."

विजयमाला वहिनी हसल्या नाहीत. "भावजी, ह्यास्नी घिऊन जावा हितनं. रोज काठीनं वर ठोकत्यात आन् कान लावून बसत्यात. वरनं कोण तरी उलट ठोकतंय म्हणं."

तिप्पण्णानं मला खाली बसवलं. आवाज अगदी बारीक.

"खाणीत आमी खांब ठेवतच नव्हतो. कोळशाची भिंत तासत फुडं जायचं, लोखंडी टेकू बी संगं फुडं सरकवायचं, मागलं छत पडू द्यायचं. पडलं की सुटलो. एकदा ते पडलंच न्हाय, लोंबत ऱ्हायलं. एक टेकू मागं ऱ्हायलेला. मागं ऱ्हायलेलं आणायचं न्हाय, ह्यो तितला नेम. माझा जोडीदार गुंडा म्हणला, आणतो की पटदिशी..."

"सापडला?"

"तितलं कुणी उकरत न्हाय." त्यानं वर बघितलं. "आता हितं त्योच धरून उभा हाय. म्हणतोय, हात भरून आलं... ये."

मी उठलो. पुढच्या खोलीतले जॅक टेम्पोत भरले. मोजले तर एक कमी. तो मागच्या खोलीच्या कोपऱ्यात आडवा पडलेला.

"ऱ्हाऊ दे त्यो," तिप्पण्णा म्हणाला.

"तुला काय जातंय? जॅक माझा हाय," म्हणत मी आत शिरलो.

आत गरम होतं. वस्तीवर प्यायचं पाणीसुद्धा टँकरचं, आणि खोलीत मात्र ओल्या कोळशाचा वास. जॅक उचलायला वाकलो तर मानेवर माती सांडली. हात फिरवून बघितला. काळी.

डोक्याच्या अगदी वर कुणीतरी दमून म्हणालं, "जरा धर की..."

आणि माझे हात वर गेले. मी नेले नाहीत. गेले.

तिप्पण्णानं कॉलर धरून मला मागं ओढलं, दाराबाहेर लोटलं आणि स्वतः तिथंच हात वर करून उभा राहिला. "गुंडा, सोड... मी धरलंय."

पुढचं फक्त धुरळा आणि वहिनींचा आवाज.

जेसीबी लावून सगळी माती काढली, पार फरशी लागेपर्यंत. जॅक सापडला, सरळ उभा. तिप्पण्णा सापडला नाही. वहिनींनी अजून कुंकू पुसलेलं नाही.

सांगोला रोडच्या स्लॅबचे जॅक काढले, तेव्हा खालच्या अंगाला दोन पंजे उमटलेले दिसले. काळे, काँक्रीटमध्ये रुतलेले, डाव्याला करंगळी नाही. मालकानं गिलावा मारून घेतला. त्यानंतर माझा एकही स्लॅब कोरा निघाला नाही, आणि दर खेपेला पंजे थोडे जास्त खोल रुतलेले असतात.

त्याचे हात भरून यायला लागलेत.

आमची बायको म्हणते, हल्ली झोपेत मी दोन्ही हात वर धरून असतो. तिनं खाली ओढून बघितले. येत नाहीत.