शेवटच्या तीन फुल्या

टाचणी तिच्या बाहीतच राहून गेली होती. तिने पासबुक खिडकीतून आत सरकवलं, पलीकडच्या माणसाने हात पुढे केला, आणि टाचणी सरळ त्याच्या बोटात घुसली.

"आई गं!"

"अय्या... सॉरी, सॉरी! ती माझी आहे."

"बरं झालं सांगितलंत." बोट तोंडात धरून तो म्हणाला. "मला वाटलं, बँकेनेच नवीन काहीतरी काढलंय."

तिला हसू आलं. बँकेत हसू यायची तिची ही पहिलीच वेळ. एरवी बँक म्हणजे नुसते हेलपाटे. हा कागद आणा, तो आणा, इथे सही, तिथे सही, आणि शेवटी 'सर्व्हर डाउन आहे, उद्या या'. पण खिडकी नंबर चारवर, 'परदेश व्यवहार' अशी पाटी होती त्या खिडकीवर, रांगच नव्हती. नुसता एक चष्मेवाला बसला होता आणि त्याच्या बोटावर रक्ताचा एक एवढासा थेंब आला होता.

"काम काय आहे मॅडम?"

"परदेशातून पैसे येणार आहेत. त्यांना कोड पाहिजे म्हणे. कसला ते तुम्हीच सांगा."

"कशाचे पैसे? म्हणजे... फॉर्ममध्ये लिहावं लागतं."

"कपड्यांचे. बाहुल्यांच्या."

त्याने मान वर केली. तिने सांगून टाकलं. ती आणि तिची आत्या कळसूत्री बाहुल्यांचे कपडे शिवतात, परदेशातल्या एका नाटकवाल्या कंपनीने कोटांची ऑर्डर दिली आहे. तळहाताएवढे कोट. आतून अस्तर, बाहेर खिसे.

"खिशात काय ठेवतात बाहुल्या?"

"हात," ती म्हणाली. "दुसरं काय ठेवणार? बँकेत खातं थोडंच आहे त्यांचं!"

आता तो हसला. मग त्याने एक चिठ्ठी घेतली आणि मोठ्या सुवाच्य अक्षरांत कोड लिहिला. "हे बघा. जगातल्या प्रत्येक बँकेला असा पत्ता असतो. पहिली चार अक्षरं बँकेची. मग दोन देशाची. मग दोन गावाची. आणि शेवटची तीन असतात ती शाखेची, तर ती..."

तेवढ्यात आतून मॅनेजरबाईंची हाक आली. तो उठला, "आलोच" म्हणाला. ती थांबली. तो काही येईना. घरी मशीनवर काम पडलं होतं. ती चिठ्ठी घेऊन निघाली, आणि दारातून तिने उगाचच एकदा मागे वळून पाहिलं.

*

चिठ्ठीवर शेवटी तीन फुल्या होत्या.

आता हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं रामायण यावरूनच घडलं. आत्याची एक पद्धत होती. कागदावर कापणीचा नमुना काढला की, जिथलं माप अजून यायचंय तिथे ती फुली मारायची. फुली म्हणजे रिकामी जागा. माप आलं की भरायची. ही पोरगी त्या फुल्या भरतच लहानाची मोठी झाली. तिने चिठ्ठी पाहिली आणि तिला सगळं लख्ख कळलं. शेवटची तीन शाखेची, असं तो म्हणालाच होता. बिचारा घाईत भरायचा राहिला! तिने पासबुक काढलं, त्यावरचा आपल्या शाखेचा तीन आकडी नंबर पाहिला आणि फुल्यांच्या जागी टाकून कोड कंपनीला पाठवून दिला.

"बघ," ती आत्याला म्हणाली, "त्याचं अर्धवट काम मी पुरं केलं."

"शहाणी गं माझी," आत्या म्हणाली.

पैसे आले नाहीत.

मग ती रोज बँकेत जाऊ लागली. "आलं का काही?" ती विचारायची. "आज नाही... उद्या बघू," तो म्हणायचा. आणि मग कोटाला बटणं खरी की नुसती शोभेची, बाहुली सूत्रधारावर रागावते का, असलं काहीबाही विचारायचा. एकदा तिने कंपनीशी झालेला सगळा पत्रव्यवहार त्याला मोबाइलवर दाखवला. त्याने तो बराच वेळ वाचला, मोबाइल परत देताना त्याची बोटं तिच्या बोटांना जराशी लागली, आणि तो एवढंच म्हणाला, "उद्या या. नक्की या."

ती गेली. खोटं कशाला बोला, केस नीट विंचरून गेली.

"पैशांसाठी जातेस की चष्म्यासाठी?" आत्याने दातात दोरा तोडत विचारलं.

"आत्या, काहीतरीच!"

"मी कुठे काय म्हटलं? टाका तिरका चाललाय तुझा, एवढंच म्हटलं."

आणि मग एका सकाळी कंपनीचा मेल आला. पैसे परत गेले. तुमच्या बँकेचा कोड चुकीचा आहे. वर खर्चही कापला. असंच चालणार असेल तर पुढची ऑर्डर दुसरीकडे देऊ.

तिचं डोकं सणकलं. गरिबाचं काम अडतं तेव्हा खुर्चीत बसलेल्याचं काहीच अडत नाही, याचा वर्षानुवर्षांचा राग होता तो. हप्त्याचा, दाखल्याचा, सहीचा, सगळा. तो सगळा राग घेऊन ती खिडकी नंबर चारसमोर उभी राहिली आणि भरल्या बँकेत ओरडली.

"अकरा अक्षरं नीट लिहिता येत नाहीत तुम्हाला? पगार कशाचा घेता? बटणं खरी की खोटी विचारायचा?"

अख्खी रांग वळून बघायला लागली. तो उभा राहिला. त्याचे कान लालभडक झाले.

"मॅडम, ऐकून तर घ्या..."

"काय ऐकू? उद्या या, उद्या या! तेच ऐकत आले ना इतके दिवस!"

मॅनेजरबाई बाहेर आल्या. तिने तिथल्या तिथे तक्रार लिहून दिली. बाईंनी सगळ्यांदेखत त्याला म्हटलं, "तुम्ही आत जाऊन लिफाफे भरा. तुमची नोकरी अजून पक्की व्हायची आहे. या महिन्यात माझा शेरा जाणार होता मुख्य शाखेला. आता काय लिहायचं ते मी बघते." तो तिच्याकडे न बघता आत गेला.

त्याच्या जागी एक पोक्त बाई येऊन बसल्या. त्यांनी मेल वाचला, चष्मा कपाळावर चढवला. "हा कोड जगात नाही. आपल्या शाखेला परदेशातून थेट काही येतच नाही बाळ. सगळं मुख्य शाखेत येतं, तिथून इकडे. म्हणून शेवटी तीन एक्स असतात, ते तसेच ठेवायचे. त्या तीन एक्सना हात कुणी लावला?"

तिच्या पायाखालची जमीन सरकली.

बोलायचं होतं तिला. 'मी' एवढंच तर म्हणायचं होतं. पण मागे रांग होती, आत्ताच घसा फोडून झाला होता, सगळे बघत होते... आणि तिच्या तोंडून निघालं, "त्यांनीच. त्यांनीच तसा दिला होता."

"अरेरे," त्या बाई म्हणाल्या, आणि तसं लिहून घेतलं.

*

चूक कुणाच्याही हातून होते. तिने नंतर केलं ती चूक नव्हती, तो हलकटपणा होता, आणि हे तिला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. बरोबर कोड गेला, पैसे आले, कंपनीने नवीन ऑर्डरही दिली. आत्याने साखर आणायला पाठवलं. आणि ही मशीनवर बसली की पाय चालेनात. आरशात बघवेना. आत लिफाफे भरत बसलेला तो दिसायचा. लाल कान दिसायचे.

शेवटी तिने आत्याला सांगितलं. आत्याने कात्री खाली ठेवली.

"फुल्यांचं जाऊ दे. तो माझाच गुण तुला लागला. पण त्याच्यावर ढकललंस का?"

"लाज वाटली गं..."

"आणि आता?"

"आता त्याहून जास्त वाटते."

"पैसे आले, कुणाला कळलेलं नाही, कळणार नाही. गप्प बसलीस तरी चालतंय." आत्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "पण तुला चालेल का? मला तुझ्या हातचे असे वाकडे टाके नाही चालणार बाई. गिऱ्हाईक परत करेल."

ती उठली आणि तिने चपला घातल्या.

बँकेत रांग नेहमीइतकीच होती. मॅनेजरबाई केबिनमध्ये होत्या. "आत या," त्या म्हणाल्या.

"नको. तुम्हीच बाहेर या," ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "मी ओरडले ते बाहेर. हेही बाहेरच बोलते."

बाई कपाळाला आठ्या घालून आल्या. ती खिडकी नंबर चारसमोर उभी राहिली, ओढणीचं टोक मुठीत धरून.

"कोड त्यांनी बरोबर लिहिला होता. शेवटची तीन अक्षरं मी बदलली. मला वाटलं, मला कळतं. आणि कळलं तेव्हा मी त्यांचं नाव घेतलं... खोटं बोलले मी. माझी तक्रार मला परत द्या. त्यांचा शेरा खराब करू नका."

कान, गाल, मान, सगळं भाजत होतं तिचं. रांगेतले एक आजोबा म्हणाले, "झालं का पोरी? नाही, छान बोललीस, पण माझं पेन्शन राहिलंय." कुणीतरी फिस्सकन हसलं. तिला वाटलं, आत्ता इथेच विरघळून जावं.

आतल्या दारात तो उभा होता. हाताला डिंक लागलेला.

*

ती पायऱ्या उतरत होती तेवढ्यात तो मागून आला.

"तुम्ही कशाला आलात?" तो चक्क चिडलेला होता. "बरं चाललं होतं माझं आत."

"लिफाफे भरत?"

"हो! तेवढीच लायकी आहे माझी."

"असं नका बोलू. चूक माझी होती, मी सांगितलं ना सगळ्यांसमोर..."

"मला माहीत होतं." तो पायरीकडे बघत म्हणाला.

"काय?"

"त्या दिवशी मोबाइल दाखवलात ना... तेव्हाच दिसला होता मला तो कोड. शेवटी आपल्या शाखेचा नंबर. लगेच कळलं मला."

तिला क्षणभर काही उमगेना. मग उमगलं. "मग सांगितलं का नाही?"

"सांगणारच होतो. दुसऱ्या दिवशी. मग म्हटलं, उद्या... सांगितलं असतं तर पैसे आले असते. पैसे आले असते तर..." त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, तसाच हातात ठेवला. "तर तुम्ही पुन्हा कशाला आला असतात खिडकीवर?"

खालून एक रिक्षा गेली. पायरीवर कुणाचीतरी छत्री वाळत पडली होती.

"म्हणजे माझी ऑर्डर जायची वेळ आली... मी तिथे घसा फोडला, खोटं बोलले, इतके दिवस स्वतःच्या तोंडावर थुंकावंसं वाटत होतं मला... आणि तू सगळं माहीत असून बटणं खरी की खोटी विचारत बसलास?"

"हो."

"बिनडोक आहेस तू!"

"हो."

"माझ्यापेक्षा जास्त!"

"ते मात्र बघावं लागेल," तो म्हणाला, आणि हसायला गेला, पण हसू काही आलं नाही. डोळे भरून आले त्याचे. "तुम्ही ओरडलात ना, तेव्हा मला वाटलं, बरोबर आहे. कोड चुकला म्हणून नाही. ज्यासाठी ओरडा खायला पाहिजे होता ते कुणाला माहीतच नव्हतं, म्हणून गप्प बसलो. तुम्ही आज खरं बोललात. आता मी एकटाच खोटा उरलोय तिथे."

त्याने चष्मा घातला आणि पायऱ्या चढून परत आत गेला.

ती तिथेच थांबली. काचेच्या दारातून दिसत होतं: तो केबिनमध्ये उभा, बाई बसलेल्या. तो बोलत होता, मान खाली घालून. बाईंनी कपाळावर हात मारला. मग बराच वेळ बाईच बोलल्या. तिच्या मनात आलं, पळून जावं. मग मनात आलं, आत जाऊन बाईंना सांगावं, सोडा हो त्याला, एवढं काय त्यात! पण एवढं होतं त्यात. तिला चांगलं माहीत होतं.

तो बाहेर आला तेव्हा कान पुन्हा लाल झालेले होते.

"काढलं?" तिने विचारलं.

"नाही. म्हणाल्या, तुम्ही दोघं एकापेक्षा एक आहात." तो खालच्या पायरीवर टेकला. "नोकरी पक्की व्हायची लांबली. आणि बदली. पुलापलीकडच्या शाखेत. परदेश व्यवहार नाही, नुसता कॅशचा काउंटर. गिऱ्हाइकाला थांबवून ठेवायचं नाही, अशी लेखी ताकीद."

"पुलापलीकडे म्हणजे... लांब आहे."

"हो. आणि तुमचं खातं इथे आहे."

ती त्याच्या शेजारी बसली. मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. मग तिने ओढणी आवरली आणि ती जागा कमी केली.

"एक सांगून ठेवते. तिथे मी खातं बितं काही उघडणार नाही. पुन्हा फॉर्म भरायची ताकद नाही माझ्यात."

"मग?" तो अगदी हळू म्हणाला.

"मग काय? बिनखात्याची येईन."

तो तिच्याकडे बघायला धजेना. तीही बघेना. दोघांच्या मागून पेन्शनवाले आजोबा पैसे मोजत बाहेर आले, आणि त्यांना उतरायला वाट द्यावी म्हणून दोघांना आणखी जवळ सरकावं लागलं.