सातव्या वळणावरचं शून्य

गाडी घाटात बंद पडायची आणि वर्कशॉपात आली की शहाण्या मुलासारखी सुरू व्हायची. एकदा नव्हे, तीनदा. तिन्ही वेळा ती सातव्या वळणावर थांबली आणि तिन्ही वेळा वर्कशॉपच्या कागदावर एकच ओळ उमटली: दोष आढळला नाही. आता गाडीत दोष नाही म्हटल्यावर तो कुणात तरी असायलाच हवा. लोकांनी तो कस्तुरीच्या आईत शोधला.

ही गोष्ट २०५३ सालची. तोवर बहुतेक गाड्या विजेवर धावू लागल्या होत्या. पण नांदघरच्या आरोग्य केंद्राची औषधगाडी जुनी होती, इंजिनवाली, उसाच्या मळीपासून काढलेल्या इथेनॉलवर चालणारी. घाटमाथ्यावर चार्जिंगची सोय होणार, होणार म्हणता म्हणता दहा वर्षं उलटली होती, म्हणून तिला निवृत्ती मिळत नव्हती. कस्तुरीची आई, ऋतुजा, ती गाडी चालवायची.

तिसऱ्यांदा गाडी थांबली तेव्हा आत सर्पदंशावरचं औषध होतं. ढालेवस्तीवरच्या बिरूमामांना ते चाळीस मिनिटं उशिरा मिळालं. मामा वाचले, पण त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मग काय, लोकांना जोर चढला. बाईनं झोप काढायला गाडी उभी केली, असं चहाच्या टपरीवर ठरलं. गाडीतल्या संगणकाच्या नोंदीतही एवढंच होतं: ‘इंजिन थांबले.’ आईला घरी बसवलं आणि गाडी वर्कशॉपात उभी राहिली.

आणि त्या तीन कागदांवर सही कुणाची? वर्कशॉपचे प्रमुख अभियंता हेमंत दळवी यांची. म्हणजे आईच्या वडिलांची, कस्तुरीच्या आजोबांची. पोटच्या पोरीलाही सोडलं नाही, काय तत्त्वाचा माणूस, असं लोक म्हणायचे. आजोबांना ते ऐकायला आवडायचं. अकरा वर्षांच्या कस्तुरीला ते दिसायचं आणि तिला त्यांचा राग यायचा. घरात तिघं एकाच ताटाळ्यातली ताटं घेऊन जेवत, पण मीठ मागायलासुद्धा कुणी तोंड उघडत नसे.

एका शनिवारी शाळेतून आल्यावर कस्तुरीनं आईला विचारलं, “आई, गाडी परत सुरू कशी व्हायची गं?”

“आपोआप. अर्धा तास थांबलं की.”

“त्या अर्ध्या तासात तू काय करायचीस?”

“शिव्या घालायचे,” आई म्हणाली आणि भाजी चिरत राहिली.

कस्तुरी ओट्याशी उभी राहून विचार करू लागली. अर्ध्या तासात कुणी काही दुरुस्त केलं नाही, काही बदललं नाही. मग गाडीत फरक कशाचा पडला? पडला असेल तर एकाच गोष्टीचा. ती निवली.

ती तडक वर्कशॉपात गेली. तिथं पारखी होता. पारखी म्हणजे निदान-रोबो (बिघाड शोधणारा यंत्रमानव). चार चाकं, दोन हात आणि बोलणं असं अदबीचं की ऐकणाऱ्यालाच अवघडल्यासारखं व्हावं.

“पारखी, तू औषधगाडी तपासलीस तेव्हा इंजिन किती गरम होतं?”

“तिन्ही वेळा एकतीस अंश, कस्तुरीताई. म्हणजे बाहेरच्या हवेइतकंच.”

“पण ती तर घाटातून थेट इथंच आली होती!”

“आली होती. परंतु धुतल्याशिवाय मी तपासत नाही. तसा नियम आहे.”

कस्तुरीनं दाराकडे पाहिलं. दारावर आजोबांनी स्वतः रंगवलेली पाटी होती: ‘गाडी धुतल्याशिवाय आत आणू नये.’ आजोबांना चिखलाचा भारी तिटकारा. त्यामुळे बाहेर हौदाशी बॉनेट उघडून इंजिनावर पाइपनं अर्धा तास पाणी सोडायचं, मगच गाडी आत. नांदघरात इतकं लखलखीत वर्कशॉप दुसरं नव्हतं.

आजोबा टेबलाशी बसले होते. कस्तुरी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“आजोबा, दोष गरम असताना येतो. तुम्ही तो दर वेळी धुऊन टाकलात.”

आजोबांचा चेहरा पडला. ते रागावतील असं तिला वाटलं होतं. ते रागावले नाहीत. खण उघडून काहीतरी खिशात टाकत ते म्हणाले, “चल, औषधगाडी घाटात नेऊ. पारखीलाही घे.”

निघण्याआधी कस्तुरीनं घराशी जाऊन आईला हाक मारली. आई दारात आली आणि वडिलांकडे न बघता म्हणाली, “मी त्या गाडीला हात लावणार नाही. ज्यांनी सह्या केल्या, त्यांनी चालवावी.”

आजोबांनीच चालवली. कस्तुरीनं नजर टॅकोमीटरवर (इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवणारी तबकडी) ठेवली. काटा तीन हजारांवर होता. चौथं वळण गेलं, सहावं गेलं. सातव्यावर काटा एकाएकी शून्यावर आपटला, इंजिन गप्प झालं आणि गाडी कडेला थांबली. आजोबांनी स्टार्टर फिरवला. इंजिन घर्रघर्र फिरत होतं, पण काटा शून्यावरून हलेना.

“बघितलंस?” आजोबा म्हणाले. “इंजिन फिरतंय हे आपल्याला ऐकू येतंय. संगणकाला मात्र ते कळत नाही. का? तुझ्या सायकलच्या आऱ्यांत पुठ्ठा अडकवतेस ना, तेव्हा काय होतं?”

“टर्रर्र वाजतं. जोरात गेलं की जास्त.”

“तसंच. इंजिनाच्या दांड्यावर एक दातेरी चाक असतं. त्याच्याजवळ, पण त्याला न टेकता, वेगसंवेदक (वेग ओळखणारा भाग) बसवलेला असतो. त्यात एक चुंबक आणि केसासारख्या बारीक तारेचं वेटोळं. लोखंडी दात समोरून गेला की तारेत विजेचा छोटा झटका उठतो. संगणक ते झटके मोजतो. चाकावर एके ठिकाणी मुद्दाम दोन दात ठेवलेले नसतात. ती फट आली की त्याला कळतं, एक फेरा झाला. मग कुठल्या क्षणी इंधन सोडायचं, कधी ठिणगी पाडायची, ते तो ठरवतो.”

“आणि झटके आलेच नाहीत तर?”

“तर त्याला वाटतं, इंजिन थांबलं. तो इंधन बंद करतो, ठिणगी बंद करतो. मग ते खरंच थांबतं. आणि थांबलेलं इंजिन हा काही बिघाड नव्हे, म्हणून तो बिघाडाची नोंदही करत नाही.”

“म्हणून लिहिलं होतं, इंजिन थांबले,” कस्तुरी म्हणाली. “आणि सगळ्यांनी वाचलं, बाईनं थांबवलं.”

पारखीनं संवेदकाचा जोड सोडवून मीटरची दोन टोकं लावली. “रोध (विजेला होणारा अडथळा) मोजता येत नाही. म्हणजे तार आत कुठेतरी तुटलेली आहे.”

मग आजोबांनी ओलं फडकं संवेदकावर ठेवलं. दहा मिनिटांनी पारखी पुन्हा बोलला, “नऊशे ओहम. आता तार सलग आहे. मला हे समजावून सांगावं.”

“तारेला चीर गेलीय,” कस्तुरीच म्हणाली. “तापल्यावर सगळं फुगतं आणि चीर उघडते. निवल्यावर टोकं परत चिकटतात.”

“बरोबर,” आजोबा म्हणाले आणि त्यांनी खिशातून छोटं खोकं काढलं. त्यात नवा वेगसंवेदक होता. खोक्यावर पार्सलची तारीख होती. कस्तुरीनं ती वाचली. आठ दिवसांपूर्वीची.

“तुम्हाला माहीत होतं.”

“शंका होती.”

“मग बोलला का नाहीत?”

“तीन सह्या झाल्या होत्या, कस्तुरी.”

“आणि आईला लोक काय काय बोलत होते!” तिचा आवाज चिरकला. “तुम्ही ताटावर समोर बसायचात तिच्या!”

हात भाजू नये म्हणून इंजिन आणखी निवेपर्यंत तिघं रस्त्याकडेला बसून राहिले. मग आजोबांनी बॅटरीची ऋण तार काढली आणि दहा नंबरचा पाना मागितला. कस्तुरीनं तो दिला, कारण गाडी दुरुस्त व्हायला हवी होती. एकच बोल्ट होता. जुना संवेदक हलवत हलवत बाहेर आला. नव्याच्या रबरी कड्याला बोटानं तेल लावून आजोबांनी तो बसवला, बोल्ट बेतानं आवळला, तार धुराच्या तापत्या नळीपासून दूर बांधली. सारं काम वीस मिनिटांचं होतं. ते तीन महिने झालं नव्हतं.

त्यानंतर गाडी तशीच, न धुता, घाटात चार खेपा घालून आली. काटा एकदाही पडला नाही. पारखीनं तसा अहवाल आरोग्य केंद्राला पाठवला.

सोमवारी आरोग्य केंद्राचं पत्र आलं: ‘उद्यापासून कामावर रुजू व्हावे.’ त्यात चुकलो, असा शब्द कुठे नव्हता. टपरीवाल्यांनी विषय बदलला. बिरूमामांचा पाय काही परत येणार नव्हता.

आईनं पत्र वाचलं, घडी केली आणि त्याच पावली वर्कशॉपात गेली. कस्तुरी मागोमाग धावली. दारावरची पाटी उतरवलेली होती. भिंतीला टेकून नवी सुकत होती: ‘आधी तपासा, मग धुवा.’ गाडी तपासताना पारखी जे प्रश्न विचारायचा, त्यांच्या यादीतही एक बदल झाला होता. तो कस्तुरीनं हट्ट धरून करून घेतला होता.

“ते तीन कागद काढा, बाबा,” आई म्हणाली. “तिन्ही नव्यानं लिहायचे. तुमच्या हातानं.”

आजोबांनी वही उघडली. पारखी पुढे सरकला आणि त्यानं तो नवा, यादीतला पहिला प्रश्न विचारला, “चालवणाऱ्या व्यक्तीला काय जाणवलं, ते कृपया सुरुवातीपासून सांगावं.”

तीन महिन्यांत हे आईला कुणी विचारलं नव्हतं. मग ती खुर्ची ओढून बसली आणि बोलू लागली. पहिल्या दिवशीचं ऊन, सातवं वळण, शून्यावर पडलेला काटा, मांडीवरची औषधाची पेटी, सगळं. आजोबा लिहून घेत होते. एकदा ते म्हणाले, “जरा हळू सांग, पोरी, मला लिहायला जमत नाही.”

आई थांबली नाही. पारखी म्हणाला, “मी सर्व नोंदवून घेत आहे, ताई. आपण बोलावं.” आणि आई बोलतच राहिली.