तिसऱ्या वळणावरचा प्रश्न

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे घडलंय.

गेल्या ऑक्टोबरमधला दुसरा रविवार. दुपारचे दोन, लख्ख ऊन. नॉर्थ कॅरोलिनातला आमचा कोल्डर क्रीकचा, गाड्यांच्या शर्यतीचा ट्रॅक. घडलं ते माझ्या मेहुण्याच्या, क्लीटच्या बाबतीत. मी शेजारीच उभा होतो.

क्लीट माझ्या बायकोचा, ओपलचा भाऊ. ती गेल्यापासून आम्ही दोघंच उरलोय.

चौदा वर्षं क्लीट रूफस टेडरचे डोळे होता. शर्यतीत ड्रायव्हरला बाजूचं धड दिसत नाही. क्लीट स्टँडच्या छतावरून वॉकीटॉकीवर सांगायचा, 'आत गाडी आहे', म्हणजे वळणाच्या आतल्या बाजूला, नाहीतर 'मोकळं आहे'. त्या शब्दावर रूफस गाडी घालायचा.

त्या रविवारच्या वर्षभर आधी तिसऱ्या वळणावर रूफस आत वळला.

आत गाडी होती. रूफस जागीच गेला.

"मी सांगितलं होतं त्याला! ओरडून सांगितलं होतं!" क्लीट प्रत्येकाला म्हणायचा.

कुणाला ते पटलं नाही. एकालाही नाही.

त्या रविवारी रूफसच्या आठवणीसाठी सगळे चाहते जमले. त्याची जुनी गाडी, इंजिन बंद, हातांनी ढकलत एक फेरी न्यायची. तोवर प्रत्येकाने हेडफोन लावून त्याचं वॉकीटॉकीवरचं रिकामं चॅनेल ऐकायचं.

क्लीट जुना वॉकीटॉकी घेऊन छताच्या शिडीपाशी आला. चाहत्यांतला म्हातारा बक तिथेच होता.

"काय क्लीट, आज तरी तोंड उघडशील का?"

"तुझंच दोघांना पुरेल, बक," मी म्हणालो.

क्लीट वर चढला, मागोमाग मी.

फेरी सुरू झाली. पहिलं वळण... दुसरं... कानात नुसती खरखर.

तिसऱ्या वळणावर खरखर थांबली.

आणि...

"क्लीट, आत कुणी आहे का?"

रूफसचाच आवाज. घोगरा. गालात तंबाखू धरल्यासारखा.

अख्खं स्टँड थिजलं. ढकलणाऱ्यांनी गाडीवरचे हात काढले.

गाडी थांबली नाही...

"क्लीट?"

क्लीटने बटण दाबलं. 'आहे! आत गाडी आहे! वळू नकोस, रूफस!' जीव खाऊन ओरडला तो. आज सगळे ऐकत होते. आज तरी त्यांना कळणार होतं.

गाडी हळूच आत वळली. भिंतीपाशी जाऊन उभी राहिली.

आम्ही खाली उतरलो, तेव्हा बक रडत होता.

"त्याने दोनदा विचारलं रे. बोलला का नाहीस?"

"बोललो की!" क्लीटचा घसा पार बसला होता. "तुम्ही ऐकलं नाही?"

बकने नकारार्थी मान हलवली.

तो माझ्याकडे वळला. "तू तर शेजारी होतास. सांग ना यांना..."

"ऐकलं मी," मी म्हणालो. "ओपलची शपथ."

खोटं बोललो.

मी तर हेडफोनही काढला होता. हातभर अंतरावर क्लीट तोंड उघडून ओरडत होता, मानेच्या शिरा ताणल्या होत्या...

आणि आवाज येत नव्हता.