कालपेटीतलं मीठ

विश्वंभर सोनटक्के यांनी मुलीच्या लॅपटॉपसाठी जेवढा अभ्यास केला, तेवढा स्वतःच्या बी.कॉम.साठी केला असता तर लातुरात कापडाचं दुकान चालवायची वेळ आली नसती, असं त्यांची बायको म्हणायची. प्रोसेसरला गाभे, म्हणजे कोअर, किती, तो तापतो किती, तापला की वेग किती उतरतो, सगळं त्यांना तोंडपाठ. गिऱ्हाइकाने साडीचा पोत विचारला तरी हे चिपवर घसरायचे. जुईलीला पुण्यात संगणक अभियांत्रिकीला जागा मिळाली होती, आणि कॉलेजची चारही वर्षं टिकेल असा लॅपटॉप तिच्या हाती द्यायचाच, असा त्यांनी चंग बांधला होता.

म्हणूनच बापलेक बिराजदार मॅडमच्या लॅपटॉपच्या दुकानात आले होते. लातुरातली पहिली कालपेटी तिथे आली होती.

कालपेटी दिसायला धान्याच्या कोठीसारखी. आत लॅपटॉपचा एक नमुना ठेवायचा आणि बाजूच्या खाचेत घेणाऱ्याचा फोन. मालकाची परवानगी असली की पेटी त्या फोनमधून माणसाच्या सवयी वाचायची. तो कुठे हिंडतो, काय शोधतो, फोन कितीदा पाडतो. मग त्या सवयी पुढे ताणून ती आगामी चार वर्षांची धूळ, उष्णता, हादरे आणि सांडलेला चहा अर्ध्या तासात त्या नमुन्यावर उमटवायची. बाहेर यायचा तो म्हातारा झालेला लॅपटॉप. तो चालू झाला तर घ्यायचा, नाही तर दुसरा बघायचा.

"सोळा गाभ्यांचा घाला आत," विश्वंभरराव ऐटीत म्हणाले. "धातूची बॉडी, जोरदार पंखा. पुण्याला असलाच लागतो."

जुईलीने फोन खाचेत ठेवला, पण त्यावरचं बोट उचललं नाही. "मॅडम, ही फक्त फोन किती आपटतो तेवढंच बघते ना?"

"बघू दे की गं," वडील म्हणाले. "लपवायलीस का काही?"

तिने नकारार्थी मान हलवली आणि परवानगीची खूण दाबली.

अर्ध्या तासाने झाकण उघडलं. विश्वंभररावांनी लॅपटॉप दोन्ही हातांनी बाहेर घेतला आणि त्यांना हसूच फुटलं. कळांच्या फटींत लालसर पूड बसली होती.

"कुंकू!" बिराजदार मॅडम म्हणाल्या. "दसऱ्याला पूजा करता ना? चार दसऱ्यांचं आहे हे."

"करतो तर! यंदा टीव्हीच्या रिमोटलासुद्धा कुंकू लावलं हिच्या आईनं." पेटी भलतीच हुशार आहे, अशी त्यांची खात्रीच पटली.

मग त्यांनी लॅपटॉप उलटा केला. बिजागरीवर तांबूस गंज चढला होता. चार्जरच्या भोकाभोवती पांढरी खरपुडी, आणि तो जोरदार पंखा जाम. बटण दाबलं, काही झालं नाही. बिराजदार मॅडमनी खरपुडी नखाने खरवडून पाहिली.

"मीठ आहे. खाऱ्या वाऱ्याचं."

"लातुरात?" विश्वंभरराव उखडले. "इथं प्यायच्या पाण्याची मारामार, आणि समुद्र कुठून आणला तुमच्या पेटीनं? पुण्यालाही नाही समुद्र. बिघडली असंल."

"पेटी भविष्य सांगत नाही, साहेब. माणसाचा ओढा कुणीकडे आहे तेवढं बघते आणि पुढे नेते." एवढं बोलून मॅडम थांबल्या, कारण जुईलीचे डोळे भरून आले होते.

"पप्पा, मी ते सोडून दिलं होतं," ती म्हणाली. "खरंच. रत्नागिरीला सागरी जीवशास्त्र आहे. तिथंही नाव लागलंय माझं. खेकडे, प्रवाळ, किनाऱ्यावर चौकट मांडून जिवांची मोजणी... रोज बघते मी फोनवर. पण तुम्ही पुण्याचं सगळ्यांना सांगून बसलात. तुमचा आनंद बघून मी मनातनं काढून टाकलं. आता कसं आलं हे परत, मला नाही कळत."

विश्वंभररावांना वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला, तो मुलीचा नव्हे, स्वतःचाच. प्रोसेसर किती तापतो ते त्यांना ठाऊक होतं. पोरगी कशात रमते, ते एका पेटीकडून कळलं. आणि पेटीने सांगितलं नसतं, तर ही पोर मुकाट्याने पुण्याला गेली असती का? की कधी तरी आपणहून समुद्राकडे वळलीच असती? पेटीने तिची वाट नुसती ओळखली होती की तिला दाखवली होती?

त्यांनी खिशातून रुमाल काढला, बिजागरी पुसली आणि घसा खाकरला.

"मॅडम, चूक आमची झाली. खाऱ्या हवेत पंखा चालत नाही, तो हवेबरोबर मीठ आत ओढतो. बिनपंख्याचा दाखवा. चार गाभे पुरे, पण थंड डोक्याचा प्रोसेसर पाहिजे. बॉडी बंदिस्त, भोकांना रबरी झाकणं. खेकडे मोजायला सोळा गाभे काय करायचे?"

जुईली आधी बघतच राहिली. मग रडता रडता असं हसली की बाहेरून जाणारी दोन माणसं थबकली.

दुसरा नमुना आत गेला. अर्ध्या तासाने निघाला तेव्हा त्याच्या कडांना वाळू होती, कुंकू होतंच, आणि बटण दाबताच पडदा लख्ख उजळला. विश्वंभररावांनी टाळीच वाजवली. पाठीवर मात्र आडव्या ओरखड्यांची दाटी होती.

"हे कशाचं?"

"एसटीतल्या सामानाच्या फळीचं," मॅडम म्हणाल्या. "रत्नागिरी-लातूर. येत राहणार आहे तुमची मुलगी."

त्यांनी त्या ओरखड्यांवरून हळूच हात फिरवला. इतकं सुख त्यांना दुकानातल्या दिवाळीच्या गर्दीतही कधी झालं नव्हतं. पेटीने वर्षवार मांडलेल्या नोंदी तिच्या बाजूच्या छोट्या पडद्यावर होत्या. शेवटच्या वर्षी घरच्या फेऱ्या कमी होऊन एसटीचे हादरे विरळ झालेले त्यांना दिसले. जुईलीलाही दिसले.

"तेव्हा तुम्ही या ना, पप्पा," ती म्हणाली. "तुम्ही कुठं समुद्र बघितलाय? द्या तुमचा फोन. पेटीत घालू, बघू येताय का."

त्यांनी फोन खिशातून अर्धा बाहेर काढला. बिराजदार मॅडमनी खाच रिकामी करून दिली. विश्वंभरराव पेटीकडे बघत क्षणभर घुटमळले, फोन परत खिशात सरकवला आणि मुलीकडे वळले.

"त्या पेटीला कशाला विचारायचं? मला तू सांग. खेकडे बघायला यायचं तर ओहोटी रोज एकाच वेळेला असती का गं?"